आत्मा जाग्यावर हाय

दानेश्वरी घुगरेला आऊबाई कास्टिंगमध्ये लागून अजून वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात इटलीची भानगड तिच्या गळ्यात येऊन पडली.

कारखाना शिरोली एमआयडीसीत, हमरस्ता सोडून थोडा आत. पंपांचे, व्हॉल्व्हचे ओतीव लोखंडी भाग तिथं तयार व्हायचे. मालक बाळासो इंगवले. आईच्या नावानं कारखाना काढलेला माणूस. आवाज असा, की भट्टीचा ब्लोअर चालू असला तरी गेटवरच्या वॉचमनला ऐकू जावा. सगळा कारखाना त्यांना आण्णा म्हणायचा. दानेश्वरी मूळची गडहिंग्लजची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती कोल्हापुरात मामाकडं राहायला आली होती. घेतलं होतं तिला बिलं टाइप करायला. पण ऑफिसात कॉम्प्युटर एकच आणि त्यातलं कळणारं माणूसही एकच. त्यामुळं ईमेल बघणं, अडकलेला कागद प्रिंटरातून ओढून काढणं, आण्णांच्या मोबाइलची रिंगटोन बदलून देणं, ही सगळी खाती आपसूक तिच्याकडं आली.

साल दोन हजार तीन. आऊबाई कास्टिंगचा माल तेव्हा नुकताच इटलीला जायला लागला होता. तिकडं मोदेना गावाजवळ पंप बनवणारा एक छोटा कारखानदार होता, ओरेस्ते बेर्तोलाझी नावाचा. त्याच्या ऑफिसातली एक बाई इंग्रजीत पत्रं लिहायची आणि दानेश्वरी त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. सगळं सुरळीत होतं. मग ती बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि बेर्तोलाझी स्वतः लिहायला बसला. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता. पत्रं इटालियनमधून यायला लागली.

"ह्ये काय लिवलंय?" पडद्यावर वाकून आण्णांनी विचारलं.

"इटालियन हाय, आण्णा."

"मग मराठीत कर की."

जणू एवढंच बटण दाबायचं राहिलं होतं! पण दानेश्वरी हटणारी नव्हती. इंटरनेटवर एक जागा तिनं शोधून काढली. तिथं चौकटीत इटालियन मजकूर टाकला की इंग्रजी मजकूर मिळायचा. पुढं इंग्रजीचं मराठी ती करायची. अडचण एकच होती. ऑफिसात फोनची लाइन एक, आणि इंटरनेटही त्याच लाइनीवर. ती एकेक परिच्छेद चौकटीत टाकत बसली, की तेवढा वेळ कारखान्याचा फोन बंद.

"अगं, कागलचा माणूस सकाळधरनं फोन लावतोय! शेवटी मोटारसायकलीवरनं आला त्यो!" आण्णा केबिनमधनं गरजले.

त्या दिवशी दानेश्वरीनं ठरवलं, हे हातानं करायचं काम नव्हे. भाषांतराच्या त्या सेवेला एक दुसरं दारही होतं. माणसानं चौकटीत टाइप करण्याऐवजी एखाद्या प्रोग्रामनं तिला थेट प्रश्न पाठवायचा आणि उत्तर घ्यायचं, अशी सोय होती. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून ती पर्ल शिकली होती. पर्ल म्हणजे छोटे छोटे, पटकन लिहून पटकन चालवायचे प्रोग्राम करायची भाषा. अशा प्रोग्रामला स्क्रिप्ट म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला ठेवून तिनं स्क्रिप्ट लिहायला घेतली. पत्राचे परिच्छेद पाडायचे, प्रत्येक परिच्छेद ठरलेल्या पाकिटात घालायचा, पाकिटावर लिहायचं की हे इटालियन आहे, इंग्रजी करून द्या. पाकीट पाठवायचं, आलेलं उत्तर फोडून फाइलमध्ये ठेवायचं आणि सगळं झालं की लाइन सोडून द्यायची.

आठवडाभर सेवा तिला दाद देईना. कधी पाकिटाचा आकार चुकला म्हणून परत यायचं, कधी एखाद्या इटालियन अक्षरावरच्या मात्रेला ठेचकाळायचं. मग एका दुपारी मोडेम किंचाळला, पडद्यावर ओळी सरसर पळाल्या आणि कपातला चहा गार व्हायच्या आत पत्र इंग्रजीत होऊन लाइन मोकळीसुद्धा झाली. दानेश्वरी एकटीच होती, तरी तिनं टेबलावर थाप मारली.

"काय मोडलं?" आण्णांनी आतून विचारलं.

"काय न्हाय! जमलं!"

पहिली चार-दोन पत्रं साधी होती. माल निघाला का, जहाज कुठलं, कागदपत्रं पाठवा. स्क्रिप्ट बिनबोभाट चालली. आण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "आमच्या दानेश्वरीनं इटालियन मशीन केलंय." मग उन्हाळ्यात ते पत्र आलं.

दानेश्वरीनं इंग्रजी वाचलं, परत वाचलं आणि मराठीत उतरवून आण्णांपुढं ठेवलं. केबिनमध्ये तेव्हा पिराजीमामा बसले होते. ते कारखान्याचे फोरमन, आण्णांचे शाळेपासूनचे सोबती. आण्णांनी कागद पिराजीमामांनाही ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला.

"तुमचे फवारे पोचले. बऱ्याच फवाऱ्यांत आत्मा सरकला आहे. कडांना लाळ आहे. काहींच्या आत माती राहिली आहे. मला वाईट वाटते, पण असे मी पुढे नेऊ शकत नाही."

आण्णांनी कागद खाली ठेवला.

"आत्मा? कुणाचा?" आण्णांनी विचारलं.

"तेवढं न्हाय लिहिलेलं."

"वय काय आसंल गं ह्या माणसाचं?"

"काय की."

"पिराजी, आत्मा, माती... ही जायच्या वक्ताची भाषा हाय बघ. पुढं नेऊ शकत न्हाय म्हणतोय. आजारी बिजारी हाय का काय?"

पिराजीमामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "बिचारा," ते म्हणाले. "आन् फवारं कसलं?"

"ते मलाबी कळंना," दानेश्वरी म्हणाली.

आण्णांनी कागद परत डोळ्यांसमोर धरला. आत्मा आणि माती त्यांच्या अंदाजात बसत होते. लाळ काही बसेना. ते ओळीवर बोट फिरवत राहिले आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"थांब. लाळ म्हणतोय ह्यो. लाळ! पिराजी, लाळघोटं म्हणतोय आमाला! आत्मा सरकला म्हंजे नियत फिरली. माती म्हंजे आमी केली माती. कळलं का? शिव्या दिल्यात!"

"आण्णा, तसं नसंल वो," दानेश्वरी घाईनं म्हणाली. "मशीनचं भाषांतर हाय. शब्दाला शब्द ठेवतंय ते. आपण नीट विचारून घेऊ या."

तिला हे अनुभवानं माहीत होतं. घरी तिची आई दानम्मा कन्नडच बोलायची. लहानपणी दानेश्वरीनं शेजारणीच्या जावेबद्दल आईच्या तोंडून 'होट्टेकिच्चु' हा शब्द ऐकला आणि शेजारणीला मराठीत जसाच्या तसा नेऊन पोचवला, "तुमच्या जावंच्या पोटात आग पडलीया." शेजारीण बिचारी वाटीत सोडा कालवून जावेकडं पळाली. कन्नडमध्ये पोटातली आग म्हणजे मत्सर, हे अव्वानं, म्हणजे आईनं, तिला नंतर कान धरून शिकवलं. पण गरम झालेल्या आण्णांना हे सांगण्यात अर्थ नव्हता.

"विचारायचं काय त्यात? लिही तू!" आण्णा उठून उभे राहिले. "आमचा आत्मा जाग्यावर हाय. आमी लाळ सोडत न्हाय, कदी सोडली न्हाय. माती काय आसती ते आमाला चांगलं ठावं हाय, आमी त्यातच वाढलोय. आन् इस्वास नसंल तर ये म्हणावं कोल्हापूरला, सोताच्या डोळ्यानं बघ!"

दानेश्वरीनं जमेल तेवढी धार बोथट करून ते इंग्रजीत घातलं. पण मालकाचं पत्र ते मालकाचं. मजकूर काही बदलता येईना. मग तिनं स्क्रिप्ट उलट्या दिशेनं चालवली, इंग्रजीतून इटालियनमध्ये. पत्र गेलं. संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना तिला वाटत राहिलं, गेलं हे गिऱ्हाईक.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं आणि ते वाचून तर ती खुर्चीतच मागं टेकली.

"उत्तम. असं स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात. आत्म्याची तपासणी करायला मी स्वतः येत आहे, तिकीट काढले आहे. सोबत चित्र जोडले आहे. आत्मा नेमका कुठे असायला हवा, ते त्यात दाखवले आहे."

"आत्म्याचं चित्र?" आण्णांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"काढ बघू भाईर," पिराजीमामा म्हणाले. "आमी बी बघतो. एवढी वर्सं भजनं म्हटली, आत्मा कुठं आसतो त्ये काय कुणी दाखवलं न्हाय."

स्क्रिप्ट फक्त मजकूर उचलायची; जोडलेल्या फाइलींकडं ती बघायचीही नाही. दानेश्वरीनं चित्र उतरवायला लावलं. फाइल मोठी, लाइन कासवाच्या चालीची. एंगेज लागल्यावर बाहेरून कुणी कितीही तडफडलं तरी आज आण्णांनी चकार शब्द काढला नाही. खुर्ची ओढून ते पडद्यासमोर बसून राहिले. चित्र वरून खाली, पट्टीपट्टीनं उघडत गेलं.

ते पंपाच्या भागाचं ड्रॉइंग होतं. त्यांचाच भाग, उभा कापून दाखवलेला. मधल्या पोकळीवर बाण होता आणि बाणाच्या टोकाला मोठ्या अक्षरांत इटालियन शब्द होता: आनिमा. त्याच शब्दाचं इंग्रजी सेवेनं आत्मा असं करून दिलं होतं. दुसरा बाण कडेला निघालेल्या पातळ पापुद्र्याकडं जात होता. तिथं लिहिलं होतं: बावा. लाळ.

दानेश्वरीनं प्रिंट काढली आणि तिघंही शेडमध्ये गेले. भिंतीला त्या मालातले उरलेले तुकडे रचून ठेवले होते. तिनं ड्रॉइंग एका तुकड्यावर धरलं आणि पोकळीत बोट घातलं.

"पिराजीमामा, ओतताना हितं काय ठेवता?"

"तिथं? कोर."

हे तिलाही आता माहीत होतं. तुकडा आतून पोकळ व्हायला हवा असेल तर साच्यात मधोमध वाळूचा एक गाभा ठेवतात आणि त्याच्याभोवती लोखंड ओततात. तोच कोर. इटलीतले ओतारी त्यालाच आत्मा म्हणत असणार. साच्यात असतो, तुकडा तयार झाला की निघून जातो. नाव काही वाईट नव्हतं. लाळ म्हणजे साच्याच्या फटीतून कडेला निघालेलं फाजील लोखंड. माती म्हणजे आत अडकून राहिलेली वाळू. फवारे म्हणजे खुद्द ओतीव तुकडे; दोन्हींना इटालियनमध्ये शब्द एकच असणार.

"कोर सरकलाय म्हणत हुता व्हय त्यो!" पिराजीमामा हसायला लागले. आण्णाही हसले, मांडीवर थापा मारून हसले. "आन् आमी त्येला आजारी पाडला!"

दानेश्वरीही हसली. पण लगेच तिच्या डोक्यात दुसरा विचार आला आणि ती थांबली.

"आण्णा, आपण काय लिहिलंय ठावं हाय का? आपलं पत्र त्येंच्याकडं इटालियनमधनं गेलंय. 'आमचा आत्मा जाग्यावर हाय.' म्हंजे त्येनी वाचलं, आमचा कोर जाग्यावर हाय. 'लाळ सोडत न्हाय' म्हंजे आमच्या मालाच्या कडंला फाजील लोखंड येत न्हाय. 'मातीतलं आमाला कळतंय, या आन् बघा.'"

आण्णांचं हसू जाग्यावर थिजलं.

"म्हंजे मी त्येला छातीठोक सांगितलं, की माल बरोबर हाय?"

"व्हय."

"पिराजी, हाय का बरोबर?"

पिराजीमामा भिंतीकडं गेले. त्यांनी एक तुकडा उचलून करवतीच्या मशीनवर नेला आणि मधोमध कापायला लावला. दोन भाग वेगळे झाले. बघायला कुठल्याही मापाची गरज नव्हती. एका बाजूची भिंत जाड होती आणि दुसरी पापडासारखी. दुसरा तुकडा कापला. तोही तसाच. पिराजीमामा पॅटर्न घेऊन आले. त्यावरून साचा काढतात. साच्यात कोर जिथं टेकतो ती बैठक झिजून ढिली झाली होती. एवढ्या घाईत माल काढला, की कुणी तिच्याकडं बघितलंच नव्हतं. बघायचं काम खरं पिराजीमामांचं. ते मान खाली घालून उभे राहिले.

दानेश्वरीला वाटलं, आता आभाळ फाटणार. पण आण्णांनी आवाज चढवला नाही. कापलेला अर्धा तुकडा हातात घेऊन, पातळ भिंतीवर अंगठा फिरवत ते बराच वेळ तिथंच उभे होते.

"चल," ते तिला म्हणाले. "पत्र लिहायचं हाय."

"त्ये येणारच हाईत की, आण्णा. तोवर नवा माल काढून..."

"नवा माल काढायचाच हाय. पर त्यो यायच्या आदी त्येला कळलं पायजे. मी खोटं बोललो न्हाय, पर खोटं गेलंय. माज्या नावानं गेलंय."

या खेपेला दानेश्वरीनं आधी स्क्रिप्ट दुरुस्त केली. पिराजीमामांना शेजारी बसवून तिनं ओतकामाचे शब्द एकेक करून घेतले आणि ड्रॉइंगवरचे इटालियन शब्द त्यांच्यापुढं लावले. आता पत्र सेवेकडं जायच्या आधी स्क्रिप्ट असे शब्द मजकुरातून काढून घ्यायची, त्यांच्या जागी खुणा ठेवायची आणि उत्तर आलं की खुणांच्या जागी बरोबर शब्द बसवायची. सेवेला त्या खुणांचा अर्थ कळायचा नाही, म्हणून ती त्यांना हात लावायची नाही. जे येत नाही त्यात तिनं डोकं घालू नये, एवढीच दानेश्वरीची अपेक्षा होती.

आण्णांनी पत्र सांगितलं. रागाचं पत्र त्यांनी एका दमात सांगितलं होतं. हे अडखळत आलं.

"लिही. तुकडा कापून बघितला. कोर सरकलाय. तुजं बरोबर हाय, आमचं चुकलं. पॅटर्न झिजलेला, नवा करतोय. पयल्या पत्रात जे गेलं त्यो शब्दांचा घोळ हुता. आलास की समजावून सांगतो. आन् ये मात्र जरूर."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, हे दानेश्वरीच्या पथ्यावर पडलं. पत्र गेलं. उत्तरात एकच ओळ आली: मंगळवारी पोचतो.

मंगळवारी पुण्याहून टॅक्सी करून बेर्तोलाझी आला. बुटका, टक्कल पडलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आजारी तर मुळीच नव्हता. दानेश्वरीनं सगळी तयारी ठेवली होती. ती टाइप करणार, स्क्रिप्ट भाषांतर करणार, तो पडद्यावर वाचणार. आणि नेमकं त्याच सकाळी हमरस्त्याच्या कडेला खणणाऱ्या कुणीतरी केबल तोडली. फोन उचलला तर आत नुसती शांतता. आख्ख्या एमआयडीसीचं इंटरनेट गेलं.

"आता?" आण्णांनी तिच्याकडं बघितलं.

"आता शेडमध्येच जाऊ या," ती म्हणाली.

तिथं अडचण वाटली त्याच्या निम्मीही आली नाही. पिराजीमामांनी कापलेला जुना तुकडा पुढं केला. बेर्तोलाझीनं खिशातून कॅलिपर काढून भिंती मोजल्या आणि मान हलवली. मग नवा पॅटर्न आला, त्यावर काढलेला नवा तुकडा आला. तो त्याच्यासमोरच कापला. त्यानं मोजलं, परत मोजलं, चष्मा कपाळावर चढवून आत बघितलं.

"आनिमा," तो बोट दाखवून, खुशीत मान डोलावत म्हणाला. "बेने."

"कोर," पिराजीमामा म्हणाले. "व्हय. बेने."

दोघंही गुडघ्यांवर बसले आणि पुढचा अर्धा दिवस आपापल्या भाषेत बोलत राहिले. कुणाचं काही अडलं नाही.

पण आण्णांना ते पहिलं पत्र काही स्वस्थ बसू देईना. "दानेश्वरी, त्येला सांग. कसं बी करून सांग. मला त्येच्यासमोर लबाड म्हणून ऱ्हायचं न्हाय."

दानेश्वरीनं विचार केला. मग तिनं तुकड्यातल्या पोकळीवर हात ठेवला. "आनिमा." बेर्तोलाझीनं होकार भरला. मग तिनं तोच हात आण्णांच्या छातीवर ठेवला. "आनिमा." त्यानं भुवया उंचावल्या. तिनं आण्णांच्या त्या रागाच्या पत्राची इटालियन प्रिंट त्याच्या हातात दिली आणि आण्णांना म्हणाली, "आता त्या दिवशीसारखं रागवा बघू."

"आत्ता?"

"व्हय. पत्र सांगताना रागावला हुता तसंच."

आण्णांनी घसा साफ केला आणि छातीवर मूठ मारून गरजले, "आमचा आत्मा जाग्यावर हाय!"

शेडमधली कामं थांबली. बेर्तोलाझी हातातल्या ओळीकडं बघत होता, मग आण्णांच्या छातीकडं, मग तुकड्याच्या पोकळीकडं. त्याच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं. मग तो असा हसला, की वाळूच्या ढिगाऱ्यावर त्याला बसावं लागलं. डोळे पुसत उठला आणि त्यानं आण्णांना मिठी मारली. आण्णांना मिठीची सवय नव्हती. ते खांबासारखे उभे राहिले आणि शेवटी त्यांनीही त्याच्या पाठीवर एक अशी थाप दिली की तो खोकायला लागला.

ऑर्डर टिकली. पुढं वाढलीही. हळूहळू बातमी एमआयडीसीभर फिरली आणि ज्यांचा माल बाहेरदेशी जात होता ते शेजारचे कारखानदार पेनड्राइव्ह घेऊन दारात यायला लागले. दानेश्वरी रोज स्क्रिप्टमध्ये एखादा शब्द वाढवायची. कुठला शब्द सेवेकडं न्यायचा आणि कुठला आपल्यापाशी ठेवायचा, हे ठरवण्याच्या नादात ती इटालियन वाक्यं मुळातून वाचायला लागली. मामानं विचारलं, कुठल्या क्लासला जातेस? ती म्हणाली, शिरोलीच्या.

दोन-तीन वर्षांनी एका सोमवारी स्क्रिप्ट रिकामी परत आली. तिनं परत चालवली. पाकीट गेलं, उत्तर आलं: ही सेवा बंद करण्यात आली आहे. ना पत्र, ना सूचना. दानेश्वरीला क्षणभर ओळखीच्या दुकानांची गल्ली अचानक बंद दिसावी तसं वाटलं.

"काय म्हणतोय बेर्तोलाझी?" आण्णांनी आतून हाक दिली.

तिनं मूळ पत्र उघडलं आणि वाचून दाखवायला लागली. नवीन पंप काढायचाय म्हणतात, भाग थोडा मोठा आहे, दोन आत्मे, म्हणजे दोन कोर लागतील, वाळू बारीक वापरा, लेकीचं लग्न ठरलंय, ऑगस्टमध्ये कारखाना बंद राहील. आण्णा मध्येच प्रश्न विचारत होते आणि ती परत ओळ बघून उत्तर देत होती. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "आज मशीन लवकर चाललं."

"मशीन बंद हाय, आण्णा. सेवाच बंद पडली."

"मग ह्ये कुठलं वाचलंस?"

दानेश्वरी पडद्याकडं बघत राहिली. तिथं नुसतं इटालियन होतं.

उत्तर तिनं त्याच दुपारी लिहिलं, डिक्शनरी मांडीवर घेऊन, कुणालाही काही न विचारता. दुसऱ्या दिवशी बेर्तोलाझीनं ते परत पाठवलं. दोन क्रियापदं दुरुस्त केली होती, बाकीच्याला हात लावला नव्हता, आणि खाली नव्या पंपाचं ड्रॉइंग जोडलं होतं. तिनं त्याची प्रिंट काढली आणि पिराजीमामांना शोधायला शेडमध्ये गेली.